यांपैकी नाही

आमच्या घरात कापूस होता, पण झोपायला गादी नव्हती. अब्बा पिंजारी. मिरजगावात एक खोली आणि पुढं पत्र्याची पडवी, एवढंच आमचं घर. पडवीत धुनकी टांगलेली असायची. धुनकी म्हणजे कापूस पिंजायची मोठी कमान. तिच्या ताणलेल्या तातीवर लाकडी मुठीचा ठोका बसला की कापूस फुलून वर यायचा. ती घुमायची थांबली की अब्बांचा खोकला ऐकू यायचा. डाळीत कापूस, केसांत कापूस, माझ्या पाटीवर कापूस. लोकांच्या लग्नातल्या गाद्या आमच्या पडवीत तयार व्हायच्या आणि आम्ही पाच जणं पोत्यांवर निजायचो.

मग टेम्पोतून फोमच्या गाद्या यायला लागल्या. भोंगा लावून विकायचे. दोन वर्षांत अशी वेळ आली की धुनकी खिळ्यावरून खाली उतरेना. अब्बा काष्टीच्या बाजारात पोती उचलायला जायला लागले, अम्मी कांदा निवडायला. मोठ्या भावाची शाळा सातवीत सुटली. माझीही सुटायची. पण चौथीला मी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलो आणि यादीत निघालो. त्या एका कागदावर मला नगरला वसतिगृहात जागा मिळाली. पुढं कॉलेज झालं, बी.ए. झालो, डी.एड. केलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. हे मी सगळीकडं सांगतो, कुणी न विचारता सांगतो, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. माझ्यासाठी शब्द टाकणारा कुणी मामा-काका नव्हता. परीक्षेनं टाकला.

हे आधी सांगून टाकलं, कारण ज्या माणसाबद्दल लिहायला बसलोय त्यानं मला नेमका याच ठिकाणी चिमटा काढला, आणि तोही वर्षभर.

माझी पहिली नेमणूक काष्टीच्या पलीकडं एका वस्तीवर झाली. पहिली ते पाचवी, दोन खोल्या, दोन शिक्षक. एक मी, दुसरे ते. नाव लिहीत नाही. लिहिलं तर ते हा मजकूर मागवून घेतील आणि शुद्धलेखन तपासून परत पाठवतील. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. उंच, जरा पुढं वाकलेले, सदऱ्याच्या खिशात पेन्सिलीचे चार तुकडे. एक जुनी लुना होती, ती चढाला ढकलत न्यायचे आणि उताराला बंद करून न्यायचे, म्हणजे ती चालवायचे कधी हा मला प्रश्नच होता. शाळेत एक खुर्ची होती. तिच्यावर ते कधी बसले नाहीत. ती तपासणीला येणाऱ्या साहेबाची, असं म्हणायचे. खुर्चीचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. मी बसलो की ते प्लास्टिक चरचर वाजायचं आणि गुरुजी फळ्याकडून वळून बघायचे. मीही उभा राहायला लागलो.

पहिल्या दिवशी त्यांनी माझं शिक्षण विचारलं. मी सगळं सांगितलं, श्रेणीसकट.

"म्हणजे पदवीधर," ते म्हणाले. तेव्हापासून माझं नाव पदवीधर पडलं. पोरांच्या देखतसुद्धा. "आणि आडनाव पिंजारी. मग सांगा पदवीधर, एक किलो कापूस जड का एक किलो लोखंड?"

मला हसू आलं. हा प्रश्न मी शंभर ठिकाणी वाचलेला. म्हटलं, दोन्ही सारखंच.

"पिंजाऱ्याचं पोर असून?" एवढं बोलून ते वर्गात निघून गेले.

माझा सगळा दिवस जळाला. शनिवारी घरी गेल्यावर मी अब्बांना तक्रारीच्या सुरात सांगितलं की असा असा एक माणूस भेटलाय. अब्बांनी गुरुजींची चौकशी केली नाही. त्यांनी विचारलं, "कोनच्या महिन्यात?"

"कसला महिना?"

"तोललाय कोनच्या महिन्यात? श्रावनात सकाळी किलोभर तोललेला कापूस दुपारी उन्हात टाक आन मंग पुन्हा तोल. किलो ऱ्हात न्हाई. लोखंडाला काय हुत न्हाई." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुला ठावं हाय की हे."

मला ठाऊक होतं. सात वर्षांचा असताना पावसाळ्यात ऊन पडलं की अंगणात चादरीवर कापूस पसरायचं काम माझंच होतं. पण चौथीच्या परीक्षेत हाच प्रश्न आला तेव्हा मी "सारखंच" या पर्यायाला खूण केली होती आणि मला गुण मिळाले होते. किलो म्हणजे किलो. पेपरात श्रावण नसतो. अब्बांचं उत्तर मी गुरुजींना सांगितलं नाही. मुद्दामच सांगितलं नाही.

आता त्यांच्या खोडी. पहिली खोड म्हणजे "कसं आलं?" पोरानं गणित चुकवलं की मास्तर विचारतो, ते समजू शकतो. हे बरोबर आलेल्यालाही विचारायचे. सात आठे छप्पन्न म्हटलं की "कसं आलं?" मग ते पोर चिंचोके घेऊन जमिनीवर सात-सातच्या आठ रांगा मांडायचं, तोवर बाकीचा वर्ग चिंचोक्यांनी खेळायचा. पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या ताईंनाही घास खाऊन विचारायचे, "कसं आलं?" ताई म्हणायच्या, "मीठ टाकल्यानं आलं, गुरुजी. गप खावा." घटक चाचणीचे अकरा पेपर तपासायला त्यांना चार दिवस लागायचे. मी तेच काम मधल्या सुट्टीत उरकायचो. ते एकेका पोराला जवळ बोलवायचे, पेपर मध्ये ठेवायचे आणि चुकलेल्या उत्तरावर बोट ठेवून ऐकत बसायचे. पोरगं काहीही सांगो, मान हलवायचे. लाल पेन त्यांच्याजवळ नव्हतंच.

दुसरी खोड कार्यालयाच्या पत्रांची. तालुक्याहून आलेलं पत्र ते चौथीच्या वर्गाला मराठीचा धडा म्हणून मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायला लावायचे. पोरं फार हुशारीनं काढायची. मग ते दुरुस्त केलेलं पत्र जावक क्रमांक टाकून तालुक्याला परत. आणि ते पोचवायला कोण, तर मी. कारण माझ्याकडं मोटरसायकल. कार्यालयातला लिपिक माझ्याकडं असा बघायचा जसा काही मीच ते खोडून आणलंय.

तिसरी खोड या मजकुराला नाव देऊन गेली. गुरुजी चहा का कॉफी? "यांपैकी नाही." गुरुजी, आज शाळा अर्धा दिवस का पूर्ण? "यांपैकी नाही." मतदार यादीच्या कामाला गेले असताना एका पुढाऱ्यानं विचारलं म्हणे, गुरुजी तुम्ही आमचे का त्यांचे? तिथंही तेच. पेपरातल्या प्रश्नांना चार पर्याय असतात आणि चौथा बऱ्याचदा हा असतो. गुरुजींचं म्हणणं होतं की चारांतला तेवढाच प्रामाणिक आहे, बाकीचे तीन आपल्याला जागेवर बसवायला असतात. बोलायला हे बरं वाटतं. रोज संध्याकाळी खिडक्या लावायच्या का उघड्या ठेवायच्या, हे विचारून बघा अशा माणसाला.

त्या वर्षी तालुक्यात एक नवीन चाचणी आली. कुठल्याशा संस्थेनं तयार केलेली, सगळ्या शाळांना एकच पेपर, पाचवीसाठी, घ्यायची तर घ्या नाहीतर नका घेऊ. पत्रात लिहिलं होतं : "सदर चाचणी ऐच्छिक असून सर्व शाळांनी शंभर टक्के सहभाग नोंदवावा."

गुरुजींनी ते फळ्यावर लिहून काढलं. चौथी-पाचवीला विचारलं, ऐच्छिक म्हणजे काय. कुणीतरी म्हणालं, मर्जीचं. मग कुणाची मर्जी? दुसऱ्या दिवशी मी जे पत्र तालुक्याला नेलं त्यात लिहिलं होतं, की विद्यार्थ्यांची मर्जी विचारत आहोत, समजल्यावर कळवतो. मी ते पाकीट केंद्रप्रमुखांच्या हातात दिलं आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलो ते थेट शाळेत आलो.

महिन्याच्या केंद्राच्या बैठकीत तोच विषय निघाला. आमच्या केंद्रातले वीसेक शिक्षक एका शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंजीवर बसलेले. एक बाई म्हणाल्या, ऐच्छिक म्हणजे पोरं निघाली तर कार्यालयाचं यश, राहिली तर आपली जबाबदारी. एक जण म्हणाला, चाचणीला माझी ना नाही, पण तीच माहिती मोबाईलवर तीन ठिकाणी भरायची ते बंद करा. एका शिक्षकांची सगळी पोरं प्रत्येक परीक्षेत पात्र ठरायची. ते म्हणाले, आम्हाला तर आनंदच आहे. त्यावर कुणी काही बोललं नाही, कारण त्यांच्या शाळेत उत्तरं फळ्यावर येतात हे सतरंजीलाही माहीत होतं. मी उठून माझं मत मांडलं. म्हटलं, शहरातल्या पोराला बापाची ओळख असते, क्लास असतो. आपल्या पोराला एक कागदच असतो. तो मिळायची संधी आपण ऐच्छिक म्हणून सोडून दिली तर आपल्यासारखे कपाळकरंटे आपणच. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं.

केंद्रप्रमुख गुरुजींकडं वळले. "गुरुजी, तुम्ही बाजूनं का विरोधात?"

"यांपैकी नाही," गुरुजी म्हणाले. सतरंजी हसली. हसणं थांबायची वाट बघून ते म्हणाले, "पेपर पोरांना विचारतो. पोरांनी पेपराला विचारलेलं चालतं का, तेवढं वरून कळवा."

बैठकीच्या वृत्तान्तात ते लिहिलं गेलं नाही.

आमच्या पाचवीत नऊ पोरं. गुरुजींनी खरंच एकेकाची मर्जी विचारली. एक पोरगा म्हणाला, आई म्हणती बस. गुरुजी म्हणाले, मग ही आईची मर्जी झाली, आईला बसव. मी डोक्याला हात लावला. शेवटी पाच जणांनी स्वतःची मर्जी असल्याचं कबूल केलं, आणि त्या पाचांत रोहिणी होती.

रोहिणीचे आई-बाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की टोळी निघायची, ती थेट उन्हाळ्यात परत. आजवर रोहिणीला आजीपाशी ठेवायचे. पण पाचवीनंतरची शाळा पाच किलोमीटरवर, आणि पोरगी आता मोळ्या बांधण्याइतकी झालेली. बापानं पालक सभेत सरळ सांगून टाकलं होतं, "सर, परीक्षेत निघाली तर ठेवतो आजीजवळ, पुढचीबी शाळा करू द्या. न्हाई निघाली तर दिवाळीला संग नेतो. उगं आशंवर ठेवायचं न्हाई."

माणूस सरळ होता. शब्दाचा पक्का, हे सगळी वस्ती सांगायची. आणि मला त्याच्या बोलण्यात माझे अब्बा ऐकू आले. चाचणी घेणाऱ्यांच्या दृष्टीनं ती ऐच्छिक असेल. रोहिणीच्या दृष्टीनं नव्हती.

मी नगरहून सरावाची पुस्तकं आणली. सकाळी शाळा भरायच्या आधी दीड तास पाचांना घेऊन बसायला लागलो. वेळ लावून पेपर सोडवून घ्यायचो. युक्त्या सांगायचो, ज्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या, मी माझ्या शोधून काढल्या होत्या. त्यातली एक मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली होती : "यांपैकी नाही" हा पर्याय फसवायला असतो, त्याला हात लावू नका.

गुरुजी साडेनऊला यायचे. खिडकीत उभे राहायचे. मी एक प्रश्न संपवून दुसऱ्याला हात घालणार, तेवढ्यात खिडकीतून, "रोहिणी, कसं आलं?" रोहिणी उठून सांगायला लागायची. तिला सांगायला आवडायचं, हीच पंचाईत. सांगता सांगता ती स्वतःचं बरोबर उत्तर तपासायची आणि कधीकधी बदलायची. तोवर सहा मिनिटं गेलेली. एकदा मी गुरुजींना हात जोडून म्हणालो, परीक्षेत "कसं आलं" विचारत नाहीत हो. ते म्हणाले, "हां, तेवढीच परीक्षेची खोट आहे." आणि फळ्याच्या कोपऱ्यातली माझी ओळ त्यांनी वाचली. पुसली नाही. तिच्याखाली बारीक अक्षरात शुद्धलेखनाची एक चूक मात्र दुरुस्त केली.

चाचणी झाली. पाचही पोरं प्रश्नपत्रिका घरी घेऊन आली, त्यावर आपापल्या खुणा करून. नियम असा होता की उत्तरसूची आली की शाळेनं पडताळून बघायची आणि एखादं उत्तर पटलं नाही तर सात दिवसांत लेखी आक्षेप पाठवायचा. उत्तरसूची आली तेव्हा मी नगरला प्रशिक्षणाला होतो. अजून चार दिवस लागणार होते. गुरुजींना फोन करून सांगितलं, पडताळून ठेवा. ते म्हणाले, ठेवतो.

मी परत आलो तो आठवा दिवस होता. वाटेत एक सुट्टी आली, एक दिवस मी घरी राहिलो. त्यांनी पडताळून ठेवलं होतं. पाचही पोरांना एकेक करून, रोज एकाला, कसं आलं, कसं आलं. मध्ये रविवार आणि ती सुट्टी गेल्यानं रोहिणीचा नंबर शेवटी, सातव्या दिवशी लागला होता.

तिच्या पत्रिकेवर मी उभ्या उभ्या गुण मोजले. पात्र व्हायला दोन गुण कमी. आणि दोन गुणांचा एकच प्रश्न माझ्या डोळ्यांत खुपला. प्रश्न असा : "एका बैलगाडीत २ टन ऊस भरला. ती गाडी दुसऱ्या दिवशी साखर कारखान्याच्या काट्यावर पोहोचली, तर काट्यावर उसाचे वजन किती किलोग्रॅम भरेल?" पर्याय : दोनशे, दोन हजार, वीस हजार, यांपैकी नाही. पेपर काढणाऱ्यानं प्रश्न खेड्यातला वाटावा म्हणून बैलगाडी आणि कारखाना घातला होता. मोजायचं होतं फक्त टनाचे किलो. रोहिणीनं दोन हजाराला केलेला गोल खोडला होता आणि चौथ्याला केला होता. फळ्यावर लिहून ठेवलेलं असताना.

गुरुजी म्हणाले, "मी विचारलं तिला. ती म्हणाली, तोडलेला ऊस रात्रभर पडला की वाळतो, काट्यावर कमी भरतो. बरोबर आहे तिचं. आक्षेप घ्यायला पाहिजे."

"मुदत काल संपली, गुरुजी."

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

मग मी जे बोललो ते सगळं इथं लिहीत नाही. पोरं दारात उभी होती. तुमच्या चार-चार दिवसांच्या तपासणीपायी पोरीचं आयुष्य गेलं, असं मी म्हणालो. बरोबर उत्तर तिला येत होतं, तुम्ही रोज खिडकीतून विचारून विचारून तिला त्यावरून हलवलंत. तुम्हाला खुर्ची नको, लाल पेन नको, घड्याळ नको, ते तुमचं तुम्हाला परवडतं, तिला नाही परवडत. गुरुजींनी फक्त एक पेन्सिल खिशातून काढली, पुन्हा खिशात ठेवली.

निकालाचे कागद दिवाळीच्या सुट्टीआधी आले. दोन पोरं पात्र. रोहिणीपुढं लिहिलं होतं, अपात्र.

टोळी निघायच्या सकाळी गुरुजी माझ्या खोलीवर आले. म्हणाले, चला. मी म्हटलं, कशाला, पाया पडायला? ते लुना ढकलत निघाले. मी मोटरसायकल काढली, त्यांना मागं बसवलं आणि जरा जोरातच हाणली.

वस्तीवर ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत भांडी, बाजल्या, सरपण, कोंबड्यांचा खुराडा, आणि वर गोधड्यांच्या गाठोड्यावर रोहिणी बसलेली. खाली आजी. बाप दोरी आवळत होता. आम्हाला बघून तो थांबला आणि आधीच म्हणाला, "गुरुजी, मी शबुद दिल्ता. निघाली तर ठेवीन म्हनलो हुतो. न्हाई निघाली."

"बरुबर हाय तुझं," गुरुजी म्हणाले. "मी तुला आडवायला न्हाई आलो. एक विचारायचं हाय. दोन टन ऊस गाडीत भरला. गाडी दुसऱ्या दिवशी काट्यावर गेली. किती भरंल?"

त्यानं दोरी सोडली. "दोन टन?"

"दोन."

"आन दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी."

"मग दोन कुटनं भरंल? रातभर वाळतंय की ते." टोळीतल्या दुसऱ्या एकाला तो म्हणाला, "काय रं, भरंल का दोन?" तो म्हणाला, "भरलं तर काट्यात लबाडी हाय म्हनायचं." सगळे हसले. तिसरा म्हणाला, ऊन कसलं हाय त्यावर हाय, थंडीत कमी घटतं. चौथा म्हणाला, पाचट किती सोडलंय त्यावरबी हाय. पाच मिनिटं तिथं अशी चर्चा झाली की तशी आमच्या केंद्राच्या बैठकीत मी कधी ऐकली नाही.

गुरुजींनी खिशातून प्रश्नपत्रिका काढली. घडी उलगडून त्याच्या हातात दिली. त्याला फारसं वाचता येत नव्हतं. गुरुजींनी बोट ठेवलं. "ह्यो तुझा प्रश्न. रोहिणीनं लिवलं, दोन टन भरत न्हाई. त्यांनी चूक धरली. दोन गुण कापले. त्या दोन गुणांवर ती ऱ्हायली."

हसणं थांबलं. बापानं कागद उजेडाला धरला.

"ज्यानं ह्यो कागुद काडला," तो हळू म्हणाला, "त्यानं कदी ऊस तोडलाय का?"

"न्हाई तोडला."

"म्हंजे मला बशिवलं असतं तर मीबी नापास."

"तूबी नापास," गुरुजी म्हणाले. "सगळी टोळी नापास."

मला वाटलं, आता हा चिडतो. मी मधे पडायला तोंड उघडलं, तर गुरुजींनी माझ्याकडं न बघता हात वर केला. म्हणाले, "शबुद तुझा हाय. कागदावर ती निघाली न्हाई, ते मी बदलू शकत न्हाई. तू येवढंच सांग. उत्तर कुनाचं बरुबर? कागदाचं का पोरीचं?"

बापानं वर बघितलं. रोहिणी खाली बघत होती, गाठोड्याची गाठ सोडत-बांधत. आजीनं पदर तोंडाला लावला होता. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला, त्याला कुणीतरी हातानं गप केलं.

"पोरीचं," तो म्हणाला. मग ट्रॉलीच्या फळीवर थाप मारून, जरा रागातच, म्हणाला, "उतर गं खाली. तुझी गोधडी घे. उतर."

ती उतरली. गोधडी घेतली, दप्तर घेतलं, आजीशेजारी उभी राहिली. कुणी रडलं नाही, कुणी पाया पडलं नाही. ट्रॅक्टर निघाला. आई ट्रॉलीतून हात हलवत होती का डोळे पुसत होती ते धुळीत कळलं नाही. रोहिणी गुरुजींना म्हणाली, "मी आधी दोन हजारच केल्तं." गुरुजी म्हणाले, माहीत आहे, खोडलेलं दिसतंय.

परत येताना अर्ध्या वाटेत मी मोटरसायकल थांबवली. माझा राग गेला नव्हता. खरं सांगायचं तर आजही पुरता गेलेला नाही. त्या दिवशी तो बाप वेगळ्या मनःस्थितीत असता तर? त्यानं शब्दाला चिकटायचं ठरवलं असतं तर? एका माणसाच्या स्वाभिमानाला हात घालून पोरीची शाळा वाचवायची, हा काय शिक्षणाचा मार्ग झाला? मुदतीत एक अर्ज गेला असता तर यातलं काहीच लागलं नसतं. मी हे सगळं त्यांना ऐकवलं आणि शेवटी विचारलं, "आता स्पष्ट सांगा. चूक पेपराची का तुमची?"

मला उत्तर पाठ होतं. ते मी मनात म्हणूनही टाकलं.

"माझी," गुरुजी म्हणाले. "सातव्या दिवशी तिला घ्यायला नको होतं. पहिल्या दिवशी घ्यायला पाहिजे होतं."

वर्षभरात समोर ठेवलेल्या पर्यायांतला एक त्यांनी निवडला तो तेवढाच. मी गाडी सुरू केली. बऱ्याच वेळानं मीच मागं न बघता म्हणालो, "गुरुजी, श्रावणात सकाळी तोललेला कापूस दुपारी किलो भरत नाही." शाळेपाशी उतरताना ते म्हणाले, "कधी विचारलंत वडिलांना?" मी म्हटलं, पहिल्याच शनिवारी. ते म्हणाले, "आणि सांगताय आत्ता." त्यात उपहास होता. पण पदवीधर म्हणाले नाहीत.

त्यानंतर दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोप समारंभात साहेबांच्या खुर्चीवर बसायला सांगितलं तर बसले नाहीत. माझी पुढं बदली झाली. आजही मी माझ्या शाळेतली पोरं असल्या प्रत्येक चाचणीला बसवतो, ऐच्छिक असो नसो. माझं मत बदललेलं नाही. ज्याच्यामागं कुणी नाही त्याला कागद पाहिजे. फक्त उत्तरसूची आली की मी त्याच संध्याकाळी पडताळतो आणि चुकलेल्या प्रत्येक पोराला विचारतो, कसं आलं. यात वेळ फार जातो. वैताग येतो. दर वर्षी एखादा आक्षेप जातो, बहुतेक वेळा "उत्तरसूची अंतिम आहे" असं उत्तर येतं. चौथ्या पर्यायाला हात लावू नका, हे मी फळ्यावर लिहायचं बंद केलंय.

मागच्या उन्हाळ्यात रोहिणीचा फोन आला. बारावीचा निकाल लागला होता. मी लगेच गुरुजींना फोन लावला, आता ते गावाकडं असतात आणि कानानं जरा कमी ऐकतात. ओरडून सांगितलं, रोहिणी विज्ञान शाखेतून पास झाली. त्यांनी ते दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाले, "कसं आलं?"

मी फोन ठेवून दिला.

रोहिणी तिच्या घरातली बारावी झालेली पहिली. आता ती नगरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे.